पाचवं मत

बाबा गेल्यानंतर महिनाभराने त्यांचे चार मित्र त्यांच्या कामाच्या खोलीत जमले आणि मला म्हणाले, आता बाबांच्या वतीने मत तू द्यायचं. मत कशाबद्दल, तर आमच्या फुटबॉल क्लबचा पुढचा कोच कोण असावा याबद्दल. मी आजवर एकही सामना मैदानावर जाऊन पाहिलेला नाही. पण भीती वाटली ती त्याची नव्हे. बाबांना काय वाटलं असतं, हे आपल्याला सांगता येईल का, याची वाटली. मुलीला एवढं तरी यायला हवं, असं माझं मलाच वाटत होतं.

बाबा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन त्यांच्याकडे पाठवत. बाबा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतत, मेणात एकेक दात लावत, मागे सरकून बघत, पुन्हा काढत, पुन्हा लावत. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या आहेत आणि फळ्यांवर अनोळखी माणसांचे जबडे, खाली पेन्सिलीने आडनावं लिहिलेले. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी आत पाऊल टाकायला घाबरायच्या. या जबड्यांच्या समोर दर शनिवारी दुपारी ही पाच जणांची सभा भरायची. सभेत बाबांना कुणी नावाने हाक मारत नसे. ते 'बत्तिशी'.

उरलेली चौघं अशी. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि अजूनही बोलताना हवेत रेघा ओढतात. सोफावाले काका शेजारच्या गाळ्यात जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवतात. हँडब्रेक बस चालवतात. कुठलाही वाद रंगात आला की "थांबा, थांबा" म्हणून सगळ्यांना रोखतात, त्यावरून ते नाव पडलं. आणि तिकीटवाल्या मावशी, ज्यांचा सगळा जन्म मैदानाच्या तिकीट खिडकीत गेला आणि उशिरा येणाऱ्या लोकांपायी एकाही सामन्याची सुरुवात कधी बघायला मिळाली नाही.

बाबा अचानक गेले, कामाच्या टेबलाशीच. पुढच्या दिवसांत या चौघांनी आमच्यासाठी जे केलं, ते मी नीट लक्षात ठेवलं आहे. दाखल्यांसाठी कचेरीत रांगेला मावशी उभ्या राहिल्या. "रांग मला आतून माहीत आहे बाळा, तू घरी जा," म्हणाल्या, आणि दुपारी सगळे कागद घेऊन आल्या. हँडब्रेकनी सुट्टी टाकली आणि कुणाची तरी मिनीबस मागून आणून आमच्या नातेवाइकांना स्टेशनवरून आणलं-पोचवलं. घरात बसायला जागा पुरेना, तेव्हा काकांनी गिऱ्हाइकाचे दोन सोफे, अर्धे शिवलेले, आमच्याकडे आणून ठेवले. लोक त्यांवर बसून गेल्यावर ते घेऊन जाऊन पुरे केले. मास्तर रोज येऊन आईच्या समोर बसत. काही बोलत नसत. तो माणूस इतका वेळ गप्प बसू शकतो, हे बाबांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

म्हणून दोन उमेदवारांची नावं सांगून त्यांनी पुढच्या शनिवारी सभेला ये म्हटल्यावर मी आले. किल्ली माझ्याकडेच होती. त्यांनी आपापल्या जागा घेतल्या. मास्तर खिडकीशी, काका प्लास्टरच्या गोणीवर, मावशी आणि हँडब्रेक लांब बाकावर. बाबांच्या खुर्चीवर मावशींनी आपली पिशवी ठेवली, कोणी बसू नये म्हणून असेल, किंवा नुसतीच. मी स्टूल घेतलं.

"सोमवारी नाव द्यायचं आहे," हँडब्रेक मला समजावत म्हणाले. "क्लब सभासदांचा. कोच बदलायचा झाला की प्रत्येक पाठीराखा गटाकडून एक नाव मागवतात."

"मागवतात, एवढंच," मावशी म्हणाल्या. "वाचतात की नाही, देव जाणे."

"वाचतात तर!" काका म्हणाले. "वाचून बरोबर उलटं करतात."

आधीचा कोच हंगाम अर्ध्यावर टाकून एका श्रीमंत क्लबकडे निघून गेला होता. संघ दुसऱ्या श्रेणीत तळाला लोंबकळत होता. बऱ्याच चाळणीनंतर या गटापुढे दोनच नावं उरली होती, आणि त्या दोघांनाही यांनी टोपणनावं ठेवली होती. पहिला 'कुलूप'. साठी ओलांडलेला; काही वर्षांपूर्वी त्याने संघाला खाली जाण्यापासून वाचवलं होतं, तेही बहुतेक सामने शून्य-शून्य काढून. दुसरी 'शिट्टी'. कुमार संघाची कोच, चाळिशीही न गाठलेली, सरावात जिच्या शिट्टीने मैदानापलीकडच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत. मास्तर आणि हँडब्रेक कुलूपच्या बाजूने होते. काका आणि मावशी शिट्टीच्या. दोन विरुद्ध दोन. पाचवं मत बाबांचं.

"म्हणजे ते माहीतच असेल ना?" मी विचारलं.

चौघंही एकदम बोलायला लागली.

त्यातून जे कळलं ते असं. या गटाचा एक नियम होता, आणि तो बाबांनीच घातलेला. एका जुन्या कोचवरून मास्तर आणि काका अख्खा हंगाम एकमेकांशी बोलले नव्हते. त्यानंतर बाबांनी ठरवून टाकलं, की ज्याला नाकारायचं आहे त्याचीच बाजू प्रत्येकाने आधी मांडायची. आणि ती इतकी चांगली, की समोरचा "पटलं" म्हणाला पाहिजे. मगच स्वतःचं म्हणणं सांगायचं. याला ते 'उलटी बाजू' म्हणत. बाबांच्या शेवटच्या शनिवारी मावशींचा घसा बसला होता. त्यांनी कुलूपची उलटी बाजू मांडायची होती, ती त्यांच्याऐवजी बाबांनी मांडली. हँडब्रेकना ड्यूटीवर जायचं होतं. त्यांच्या वाटची शिट्टीची उलटी बाजूही बाबांनीच मांडली. स्वतः बाबांची पाळी पुढच्या शनिवारी येणार होती.

"ते काही मावशींच्या वतीने वगैरे नव्हतं," मास्तर म्हणाले. "तो कुलूपबद्दल मनापासून बोलत होता. मी चेहरे काढण्यात जन्म घालवला आहे, मला चेहरा कळतो."

"अहो मास्तर, माझं भाषण होतं ते!" मावशी म्हणाल्या. "मुद्दे मी चिठ्ठीवर लिहून दिले होते."

"तुमचं भाषण असतं तर मला डुलकी लागली असती."

"आणि शिट्टीबद्दल बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते?" काका गोणीवरून उठले. "ते काय होतं?"

"प्लास्टरची धूळ."

"धूळ! चाळीस वर्षं त्या धुळीत बसलेला माणूस! त्याला नेमकी त्याच दिवशी धूळ गेली?"

"थांबा, थांबा," हँडब्रेक म्हणाले. "मी गेल्यावर तो जे बोलला ते धरायचं नाही. मी नव्हतो."

"बस सोडून तू थांबायला हवं होतंस."

"आणि प्रवाशांना काय सांगू? बत्तिशी बोलतोय, पुढच्या बसने या?"

मी त्यांच्याकडे पाहत होते. बाबांनी दोन माणसांची कामं केली, आणि इतकी चांगली केली, की आता दोन्ही बाजूंना बाबा आपलेच वाटत होते. चौघंही ते शपथेवर सांगायला तयार होती. आणि माझ्या लक्षात आलं, की मला जी भीती आहे तीच त्यांनाही आहे. बत्तिशी आपल्याला नीट ओळखता येत होता, हे प्रत्येकाला खरं ठरायला हवं होतं.

मास्तर माझ्याकडे वळले. हवेतली रेघ अर्ध्यावर थांबली. "तुझ्याशी बोलला असेल. दर रविवारी फोन करायचा ना तुला?"

करायचे. मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते, एका मोठ्या ग्रंथालयात काम करते. रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन यायचा आणि ते मला आदल्या संध्याकाळचा सामना सांगायचे. निकाल आधी सांगत नसत, आणि मी तो पेपरात बघायचा नाही असं ठरलेलं होतं. नाणेफेकीपासून सुरुवात. बचावात कोण घसरलं, पंचाचा बूट कसा सुटला, राखीव खेळाडूंच्या बाकावर एक मुलगा पूर्ण वेळ गुडघा हलवत कसा बसला होता. गोल झाला की बाबा क्षणभर थांबायचे, मला पलीकडून "कुणी?" म्हणता यावं म्हणून. मी कितीतरी हंगाम असे ऐकले. त्यात मला त्या मुलाच्या गुडघ्याबद्दल सगळं माहीत होतं, आणि कोचबद्दल काहीच नाही. कोचबद्दल बाबा बोलतच नसत.

मास्तर वाट बघत होते. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, बाबा 'कुलूप' म्हणाले होते असं सांगून टाकावं. कुणालाच खोटं पाडता आलं नसतं. हा माणूस आईसमोर रोज गप्प बसला होता, त्याला एवढं देणं काय अवघड होतं? पण मग काकांकडे बघितलं, आणि मावशींकडे.

"नाही," मी म्हटलं. "मला त्यांनी सांगितलं नाही. खरंच माहीत नाही मला."

बाहेर काकांच्या गाळ्यात त्यांच्या कारागिराचं शिवणयंत्र खडखडत होतं. हँडब्रेकनी चहाचे कप उगाच एका रांगेत लावले.

"मग काय करायचं?" मावशी म्हणाल्या.

"मत तरीही द्यायचं ठरलं आहे ना?" मी विचारलं. "मग मला उलटी बाजू आधी मांडावी लागेल."

मास्तरांनी चष्मा वर केला. "कुणाची?"

"कुलूपची."

काकांनी मांडीवर थाप मारली, कारण त्याचा अर्थ त्यांना लगेच कळला. मास्तरांनाही कळला, त्यांनी ओठ घट्ट मिटले. पण नियम बत्तिशीचा होता. "मांड," ते म्हणाले. "आणि लक्षात ठेव, मी सहजासहजी पटलं म्हणत नसतो."

आठवडाभर मी दोघांबद्दल मिळेल ते वाचलं होतं. वाचणं हे मला येतं. पण तोंड उघडल्यावर त्यातलं काही बाहेर आलं नाही. समोर फळीवर जबडे होते, मी त्यांच्याकडे बघून बोलले.

"कवळी करायला येणाऱ्या माणसाला पांढरेशुभ्र, सरळ, एका ओळीतले दात हवे असतात. बाबा त्यांच्याकडे जुना फोटो मागायचे. तरुणपणचा, हसतानाचा. आणि त्या फोटोत पुढचा एखादा दात किंचित वाकडा असेल, तर कवळीतही तो तसाच बसवायचे. लोक आधी भांडायचे, पैसे देऊन वाकडा दात कशाला म्हणून. मग घालून घरी जायचे, आणि घरचे म्हणायचे, अगं, तू दिसायला लागलीस. परत आलीस." मी थांबले. "कुलूपचा संघ सुंदर खेळत नव्हता. शून्य-शून्य. पण तो आपला चेहरा होता. आपण गोल खात नाही, हे त्या वर्षी सगळ्यांना माहीत होतं. गेल्या दोन कोचनी बाहेरून चकचकीत दात आणून बसवले, आणि आता आरशात बघितलं तर आपण कोण तेच कळत नाही. कुलूप आला, तर निदान आपण आपल्यासारखे दिसू."

मास्तर उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"मास्तर," मावशी हळूच म्हणाल्या, "धूळ गेली का?"

"पटलं," मास्तर खिडकीला म्हणाले. "बास."

"आता तुझं म्हणणं," हँडब्रेक म्हणाले.

"कुणाची जुनी कवळी दुरुस्तीला आली, ढिली झाली म्हणून, तर बाबा कवळीकडे बघायचेच नाहीत. आधी नवा ठसा मागवायचे. कारण कवळी तीच राहते, पण हिरडी खाली बसते. तोंड बदलतं. कुलूपने ज्या संघाला वाचवलं, तो संघ आता नाही. त्याच्या बचावातले सगळे निवृत्त झाले. एक तर हँडब्रेककाकांच्या डेपोत कंडक्टर आहे म्हणतात."

"आहे," हँडब्रेक खिन्नपणे म्हणाले. "आणि तिथेही कुणाला पुढे जाऊ देत नाही."

मावशी इतक्या हसल्या, की त्यांना बाकाचा कोपरा धरावा लागला. मास्तरांची पाठही हलली, पण ते वळले नाहीत.

"आज मैदानावर आहेत ती निम्मी मुलं शिट्टीच्या हाताखालून आलेली आहेत," मी म्हटलं. "त्यांच्या तोंडाचा ठसा तिच्याकडे आहे. माझं मत तिला."

"तुझं?" मास्तर आता वळले. "तुझं मत मागितलंय कुणी? बत्तिशीचं मागितलं होतं."

"बाबांचं मला माहीत नाही. माहीत असतं, तर मला पटलं नसतं तरी तेच दिलं असतं. ते कुणालाच माहीत नाही, मास्तर. तुम्हालाही नाही. त्यांनी कळू दिलं नाही. दोन्ही बाजू मांडताना कुठेच हात राखला नाही त्यांनी. मग कळणार कसं?"

हे बोलताना मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. आठवडाभर मी समजत होते, की मला बाबांच्या मनातलं सांगता आलं नाही तर आपल्यात काही कमी आहे. कमी काही नव्हतं. त्यांनी दुसऱ्याचं म्हणणं इतकं मन लावून मांडलं, की त्यांचं स्वतःचं त्यात कुठे दिसेना. ते त्यांचं मुद्दाम केलेलं काम होतं, आणि ते काम मला ओळखता आलं.

मास्तरांना यातलं काही ऐकायचं नव्हतं.

"चालत नाही हे," ते म्हणाले. "घरच्याने मत द्यायचं ठरलं होतं."

"घरचीच आहे ती," मावशी म्हणाल्या. "घरच्याचं स्वतःचं नको, असं काही ठरलं नव्हतं."

"तू गप्प बस. म्हणजे, तुम्ही गप्प बसा." मास्तर तावातावाने माझ्यासमोर आले. "एक मॅच बघितलीस? एक? ऑफसाइड म्हणजे काय ते तरी सांगता येईल? आणि आली मोठी कवळ्या घेऊन! हिरडी म्हणे खाली बसते! अगं, ती शिट्टी मुलांना पुढे पळवते, मागे कोण राहणार? तू? सहा-सहा गोल खाऊ आपण! पुस्तकं वाचून कोच ठरवतात का?"

त्यांचा आवाज बाहेर गेला असावा, कारण शेजारचं शिवणयंत्र थांबलं.

महिनाभर माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. ग्रंथालयात, घरी, फोनवर, दुकानात. माझ्या हातातून पिशव्या काढून घेत होते, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवत होते. मी त्या सगळ्यांची ऋणी आहे, खरंच आहे. पण त्या दिवसांत मी एखाद्या काचेच्या वस्तूसारखी एका हातातून दुसऱ्या हातात जात होते, आणि बाबांशी शेवटचं भांडल्यापासून माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं. मास्तर माझ्यावर ओरडत होते. मी चुकते आहे, आणि चुकायचा मला काही अधिकार नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते अजून चिडले असते.

"ऑफसाइड मला येतं," मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता. "बाबांनी फोनवर शिकवलं आहे, माझ्यासमोर साबणाची वडी आणि ब्रश मांडायला लावून. आणि सहा गोल कधी खाल्ले तिने? कुमार संघाचे आकडे बघा की!"

"कुमार संघ! पोरं आहेत ती!"

"मोठी झाली ती आता. तुम्ही बघितलं नाहीत."

"अरे, ही तर..." काका म्हणाले. त्यांनी हँडब्रेककडे पाहिलं. हँडब्रेकनी वाद थांबवायला हात वर केला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला आणि बाकाला टेकून बसले.

मावशींनी कागदाच्या कपटावर शिट्टीचं खरं नाव लिहिलं, घडी घातली, पिशवीत टाकली. क्लब ते वाचेल की नाही, याचा त्या घटकेला कुणी विचार केला नाही.

"तिसऱ्या श्रेणीत गेलो ना," मास्तर माझ्यासमोर बोट नाचवत म्हणाले, "तर मी तुझ्या दारात येऊन बसेन. रोज."

"या. चहा देईन."

"चहा नको मला! उत्तर दे! पहिल्याच सामन्याला डावीकडे कोणाला उभं करणार ती? सांग. त्या नवीन पोराला? ज्याला डावा पाय आहे की नाही हेच कळत नाही त्याला?"

मला त्या मुलाबद्दल माहीत होतं. बाकावर बसून गुडघा हलवणारा तोच. मास्तर श्वास घ्यायला थांबतील म्हणून मी वाट बघितली, ते थांबेनात. मग मी स्टूल पुढे ओढलं आणि त्यांचं बोलणं मधेच तोडलं.